बाळाचे श्वास मोजायला कोणी शिकवलं?

आज आम्ही जुन्या कर्जवहीपासून सुरुवात करणार आहोत. गटाच्या जुन्या वह्या आम्ही फेकत नाही. त्या ग्रामसंघाच्या कपाटात खालच्या कप्प्यात असतात. मागच्या महिन्यात लेखापरीक्षणासाठी त्या काढल्या, तेव्हा २०१६ सालच्या वहीत पावसाळ्यातली एक नोंद दिसली. रक्कम तीन हजार, कारण औषधोपचार. पुढे परतफेडीच्या रकान्यात एक आडवी रेघ.

ती रेघ का मारली ते आम्हा जुन्या सभासदांना ठाऊक आहे. आमच्या एका मैत्रिणीचं चार महिन्यांचं बाळ खोकत होतं. घरातली म्हातारी माणसं म्हणाली, डब्बा झाला. गटानं त्याच संध्याकाळी पैसे दिले, त्यात आम्ही कुठे कमी पडलो नाही. तालुक्याच्या गावच्या एका डॉक्टरनं सुई टोचली, तीन बाटल्या लिहून दिल्या. चौथ्या दिवशी जिल्ह्याला नेताना वाटेतच बाळ गेलं. त्यानंतर गटाच्या बैठकीत कोणी बोललं नाही, आम्ही कर्ज माफ केलं आणि वही मिटली.

आता मागं वळून पाहताना एक गोष्ट टोचते. त्या चार दिवसांत त्या बाळाला किती जणांनी पाहिलं! आजीनं, शेजारणीनं, आम्ही, डॉक्टरनं. पण त्याचे श्वास एका मिनिटात किती पडतात, हे एकानंही मोजलं नाही. आणि मोजायचं कसं, किती झाले की घाबरायचं, हे तेव्हा जगाला माहीत होऊन तीस वर्षं झाली होती. त्यातली मोठी परीक्षा तर आपल्याच महाराष्ट्रात, गडचिरोलीत झाली होती. म्हणून आज हा इतिहास सांगायचा आहे.

आधी शब्द पाहू. आपल्याकडे डबा किंवा डब्बा म्हणतात, कुठे पोट उडतं म्हणतात, कुठे छाती भरली, बरगड्या चालतात, धाप लागली. आपल्या आज्यांना आजार दिसत होता, हे या शब्दांवरून कळतं. बरगड्यांखालची जागा आत ओढली जाते हे त्यांनी पाहिलं होतं, नाव ठेवलं होतं. इलाज मात्र हातात नव्हता. मग पोटावर बिब्ब्याचे नाहीतर तापल्या सळीचे चटके द्यायचे. मेळघाटात त्याला डम्मा म्हणतात. आपण त्या बायांना अडाणी म्हणून मोकळं व्हावं असं आम्हाला वाटत नाही. दवाखाना दोन दिवसांच्या वाटेवर असेल आणि मूल डोळ्यांदेखत निळं पडत असेल, तर आई काही ना काही करणारच. पण चटक्यानं फुफ्फुसातला जंतू मरत नाही, वर जखम होते ती वेगळी.

मोठ्या दवाखान्यांत औषध होतं. न्यूमोनियावर चालणारी जंतुनाशकं दुसऱ्या महायुद्धाच्या आसपासच आली होती. अडचण होती ती ओळखण्याची. खोकला तर प्रत्येक मुलाला वर्षातून पाच-सहा वेळा होतो. त्यातला साधा कोणता आणि न्यूमोनिया कोणता? डॉक्टर छातीला नळी लावून आवाज ऐकतो, क्ष-किरण फोटो काढतो. नळीतून ऐकणारा कान तयार व्हायला वर्षं लागतात, आणि रडणाऱ्या तान्ह्याच्या छातीत शिकलेल्या डॉक्टरांचंही एकमत होत नाही. क्ष-किरण यंत्र तर खेड्यात नव्हतंच.

वाट दाखवली ती दूरच्या पापुआ न्यू गिनी देशानं. डोंगराळ भाग, गरिबी, रस्ते नाहीत; आपल्या ओळखीचंच चित्र. तिथल्या गोरोका गावच्या इस्पितळात फ्रँक शॅन नावाचे ऑस्ट्रेलियातले बालरोगतज्ज्ञ काम करत होते. न्यूमोनिया झालेल्या मुलांच्या फुफ्फुसातून सुईनं नमुने घेतले, तर निम्म्याहून अधिक मुलांत जिवाणू सापडले. म्हणजे जंतुनाशक दिलं तर उपयोग होणार. मग त्यांनी पाहिलं की नळी न लावता, नुसत्या डोळ्यांनी काय ओळखता येतं. उत्तर निघालं श्वासाचा वेग. फुफ्फुसात सूज आली की ते ताठरतं, नीट फुगत नाही. बाळाला एका श्वासात पुरेशी हवा मिळत नाही, म्हणून ते भराभर, उथळ श्वास घेतं. मिनिटाला ५० च्या वर श्वास गेले तर औषध द्या, आणि छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल तर दवाखान्यात भरती करा. १९८४ साली हे छापून आलं. जागतिक आरोग्य संघटनेनं त्यावरच आपली मार्गदर्शक सूचना बेतली.

मार्गदर्शक सूचना म्हणजे काय, हे इथेच सांगतो, कारण हा शब्द पुढे सारखा येणार आहे. आपल्या गटाची नियमावली असते ना? कर्ज कोणाला, किती, कशावरून ठरवायचं, म्हणजे अध्यक्षा बदलली तरी न्याय बदलत नाही. तसंच हे. हे लक्षण दिसलं तर हे करा, ते दिसलं तर पुढे पाठवा. हुशार डॉक्टरच्या डोक्यात जे असतं ते कागदावर उतरवून सातवी शिकलेल्या बाईच्या हाती देण्याची ही रीत. आणि नियमावलीसारखीच ती अनुभवानं बदलतेही. सुरुवातीला सगळ्या मुलांना ५० हा एकच आकडा होता. मग तमिळनाडूतल्या वेल्लोरच्या डॉक्टरांनी १९८८ साली दाखवलं की वर्षाच्या आतल्या बाळाला ५० ठीक आहे, पण वर्षावरच्या मुलाला ४० ची खूण धरली पाहिजे, नाहीतर आजारी मुलं सुटतात. शेवटी ठरलेले आकडे आजही तेच आहेत. दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर मिनिटाला ६० किंवा अधिक. दोन महिन्यांपासून वर्षाच्या आतलं असेल तर ५० किंवा अधिक. वर्षापासून पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक. तायांनो, वही-पेन जवळ असेल तर हे लिहून घ्या. आम्ही थांबतो.

आता गडचिरोली. हा जिल्हा १९८२ साली चंद्रपुरातून वेगळा झाला. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग तिथे गेले आणि त्यांनी सर्च ही संस्था उभी केली. गावोगावचे जन्म आणि मृत्यू नोंदवू लागल्यावर दिसलं की लहान मुलांना नेणारं मोठं कारण न्यूमोनिया आहे. प्रश्न पुन्हा तोच. डॉक्टर नाही, फोटो नाही, रस्ता पावसाळ्यात बंद. तर मग गावातल्याच माणसाला न्यूमोनिया ओळखायला आणि औषध द्यायला शिकवता येईल का? १९८८ साली ५८ गावांत हे सुरू झालं. शेजारच्या ४४ गावांत सरकारी सेवा जशी होती तशीच राहिली, म्हणजे दोन्हींची तुलना करता येईल. ५८ गावांत आयांना सांगितलं की धाप कशी ओळखायची, कधी निघायचं. आरोग्यसेवक, गावातले आरोग्यदूत आणि दाया यांना शिकवलं. औषध होतं को-ट्रायमोक्साझोल, तोंडानं द्यायचं, स्वस्त.

दाया! याच गोष्टीवर आम्हाला जरा रेंगाळायचं आहे. त्यातल्या बहुतेकींना लिहिता-वाचता येत नव्हतं. मोजणं दहा-बारापर्यंत. त्यापुढचे आकडे त्यांच्या रोजच्या जगण्यात कधी लागलेच नव्हते. आणि नियम म्हणतो, पन्नास मोजा, तेही घड्याळ लावून. दुसऱ्या कोणी म्हटलं असतं, दाईला हे जमायचं नाही, शिकलेली बाई आणा. इथे उलटं झालं. दाई बदलायच्या ऐवजी मोजण्याची रीत बदलली. एक साधं उपकरण केलं. त्यात एक मिनिटाची वाळूची घडी आणि शेजारी सरकते मणी. घडी उलटी करायची, बाळाच्या पोटाकडे बघायचं, दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा, पुन्हा एकपासून. वाळू संपायच्या आत शेवटचा लाल मणी सरकला की समजायचं, न्यूमोनिया. जिला अक्षरओळख नव्हती ती बाई आता जगाच्या आरोग्य संघटनेचा नियम बिनचूक पाळू लागली. जपमाळ ओढणाऱ्या हाताला मणी सरकवायला काय शिकवायचं!

वर्षभरानंतर हिशेब झाला. ज्या ४४ गावांत काही बदल केला नव्हता तिथे पाच वर्षांच्या आतल्या दर हजार मुलांमागे १७.५ मुलं न्यूमोनियानं गेली. ज्या ५८ गावांत दाया आणि आरोग्यदूत औषध देत होते तिथे हा आकडा ८.१ होता. म्हणजे निम्म्याहून कमी. औषध दिलेल्या न्यूमोनियाच्या ६१२ आजारांत शंभरातून एकही पुरतं मूल दगावलं नाही, प्रमाण ०.८ टक्के, दुसऱ्या गावांत ते १३.५ टक्के होतं. एका मुलामागे वर्षाला औषधाचा खर्च अमेरिकेच्या अडीच सेंटांचा, तेव्हाच्या रुपयाच्या हिशेबात काही पैसे. १९९० साली लंडनच्या लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात हे छापलं गेलं. नेपाळात जुमला, हरियाणात अंबाला, पाकिस्तानात ॲबटाबाद, असे इतरही प्रयोग त्या काळात झाले. २००३ साली सुनील सझावल आणि रॉबर्ट ब्लॅक यांनी अशा नऊ अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडला, तर पाच वर्षांच्या आतले एकूण बालमृत्यू साधारण चौथा हिस्सा कमी झालेले दिसले.

आपल्या सरकारनं १९९० साली १४ जिल्ह्यांत श्वसनदाहाचा कार्यक्रम प्रायोगिक म्हणून घेतला, १९९२ पासून तो माता-बाल संगोपनाच्या मोठ्या कार्यक्रमात मिसळला. उपकेंद्रावर गोळ्या आल्या, नर्सबाईंना मोजणं शिकवलं. कागदावर सगळं झालं.

पण एक कोपरा अंधारातच राहिला, दोन महिन्यांच्या आतली बाळं. त्यांच्यासाठी सूचना एका ओळीची होती, दवाखान्यात पाठवा. सूचना बरोबरच होती, तान्ह्याचा आजार तासातासाला बिघडतो. पण सव्वा महिना न झालेली बाळंतीण बाळाला घेऊन घराबाहेर निघत नसे, घरचे निघू देत नसत, आणि निघालीच तर दवाखाना कुठे? पाठवा म्हटलं आणि बाळ घरीच राहिलं, तर त्या सूचनेनं काय साधलं? गडचिरोलीत पुढचं पाऊल तिथे पडलं. ३९ गावांत आरोग्यदूत बायांनी नवजात बाळाची घरी जाऊन काळजी घ्यायची, आणि जंतुसंसर्गाची लक्षणं दिसली व घरचे दवाखान्यात न्यायला तयार नसले तर जंतुनाशक, जेंटामायसिनच्या इंजेक्शनसह, घरीच द्यायचं. गावची बाई तान्ह्याला सुई देणार! त्यावर वाद झालाच. १९९९ साली आकडे आले, नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते. तरी सरकारी नियम हलायला वेळ लागला. २०११ साली आशाताईंची घरी येऊन नवजात बाळ पाहण्याची योजना देशभर आली, ती याच कामावर बेतलेली, मात्र सुईशिवाय. २०१४ साली, काही अटींवर, जेंटामायसिन देण्याची परवानगी नर्सबाईंना मिळाली. पुरावा १९९९ चा आणि परवानगी २०१४ ची. पंधरा वर्षं. त्या वर्षांत जन्मलेली पोरं आता कॉलेजात असती, एवढंच आम्ही म्हणतो.

आता आमच्या मैत्रिणीच्या बाळाकडे परत येऊ. आशाताई आमच्या गावात होती, चांगली होती. पण तिच्या ठरलेल्या भेटी बाळ ४२ दिवसांचं होईपर्यंतच्या. चार महिन्यांच्या बाळाच्या घरी जायला नियमानं तिला तेव्हा सांगितलेलंच नव्हतं. तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या, पंधराव्या महिन्यातल्या भेटी सुरू झाल्या त्या २०१८ नंतर. न्यूमोनियाची पीसीव्ही लस देशभरातल्या सरकारी लसीकरणात आली २०२१ साली. आज ती बाळाला दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने अशी मिळते. आमचं बाळ त्या दोन्हींच्या आधी जन्मलं आणि आधीच गेलं. सरकारी नियमाची तारीख आणि बाळाची जन्मतारीख यांची गाठ पडली नाही, की असं होतं.

सूचना त्यानंतरही बदलत राहिली आहे. को-ट्रायमोक्साझोल मागे पडलं, अनेक ठिकाणी जंतू त्याला दाद देईनासे झाले, आणि अमॉक्सिसिलिन आलं. पूर्वी छाती आत ओढली जात असली की भरती आणि सुया. पाकिस्तानात २००८ साली छापलेल्या एका मोठ्या अभ्यासात असं दिसलं की तीन महिन्यांपासूनच्या अशा मुलांना दुसरं धोक्याचं लक्षण नसेल, तर तोंडानं दिलेलं अमॉक्सिसिलिन इस्पितळातल्या सुयांइतकंच काम करतं. मग हरिपूर जिल्ह्यात तिथल्या लेडी हेल्थ वर्कर, म्हणजे त्यांच्या आशाताईच, हे औषध घरी देऊ लागल्या. नेहमीच्या रीतीनं पुढे पाठवलेल्या मुलांत १८ टक्क्यांवर उपचार फसला, या बायांनी घरी औषध दिलेल्यांत ९ टक्क्यांवर. २०१४ साली जागतिक आरोग्य संघटनेनं सूचना बदलली. आपल्याकडे २०१९ मध्ये सांस मोहीम आली, तिच्यानुसार आशाताईनं अमॉक्सिसिलिनची पहिली मात्रा देऊन मुलाला पुढे पाठवायचं असतं.

या सूचनेची एक बाजू आपल्याला कमी आवडते. ती जितकं औषध द्यायला सांगते तितकंच न द्यायलाही सांगते. श्वास मोजले, आकड्याच्या आत आहेत, छाती ओढली जात नाही, तर तो साधा सर्दी-खोकला, त्याला जंतुनाशक नको. बाळाला ऊब द्या, अंगावर पाजत राहा, नाक साफ ठेवा, दोन दिवसांनी परत दाखवा. वर्षाच्या आत मध चाटवू नका. हे ऐकून आपण म्हणतो, डॉक्टरनं काहीच दिलं नाही. सुई टोचणारा, चार बाटल्या देणारा डॉक्टर आपल्याला हुशार वाटतो. २०२५ साली मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात खोकल्याच्या विषारी औषधानं मुलं गेली, त्यातली कित्येक शेवटच्या दिवसांत आपल्या नागपुरात भरती होती. त्यानंतर केंद्र सरकारनं पुन्हा बजावलं की दोन वर्षांच्या आतल्या मुलाला खोकल्याचं, सर्दीचं औषध देऊ नये.

मोजणीचं जाळं जरा मोठ्या भोकांचं आहे, हेही कबूल करायला हवं. विषाणूनं दमछाक झालेलं, छातीत शिट्टी वाजणारं बाळही भराभर श्वास घेतं, आणि त्याला जंतुनाशकाचा उपयोग नसतो. कराचीच्या गरीब वस्त्यांत यावर अभ्यास झाला, २०२० मध्ये छापला गेला. नुसता श्वास वाढलेल्या ४,००२ मुलांपैकी निम्म्यांना खरं अमॉक्सिसिलिन, निम्म्यांना नुसतं दिसायला तसंच औषध. खरं औषध मिळालेल्यांत २.६ टक्के मुलं बरी झाली नाहीत, दुसऱ्यांत ४.९ टक्के. म्हणजे बहुतेक मुलं औषधाविना बरी झाली असती, पण कोणती ते आधी सांगता येत नाही. आमच्या मते जिथे दवाखाना दूर आहे तिथे मोठ्या भोकांचं जाळं असलेलंच बरं. शहरात घराखाली डॉक्टर असेल त्यानं वेगळा विचार करावा.

आता मोजायचं कसं. बाळ शांत हवं. रडताना, पिताना मोजू नका, झोपलेलं असेल तर देवच पावला. अंगावरचा कपडा वर करून पोट आणि छाती उघडी करा, उजेडात. पोट वर येऊन खाली गेलं की एक. मोबाईलमध्ये मिनिट लावा आणि पूर्ण मिनिट मोजा, पंधरा सेकंद मोजून चौपट करू नका, कारण बाळाचा श्वास मध्येच अडखळतो, मध्येच धावतो. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे ६० भरले तर लगेच दुसऱ्यांदा मोजा. आणि बाळ दूध ओढत नसेल, सगळं उलटून टाकत असेल, झटके येत असतील, उठवूनही जागं होत नसेल, ओठ निळे दिसत असतील, तर मोजत बसू नका, १०८ ला फोन लावा आणि निघा.

आमच्या ग्रामसंघात आता दर बैठकीला एकदा मोजणी होते. ज्यांच्या कडेवर बाळ असेल त्या पुढे बसतात. पहिल्या वेळी सगळ्यांचे आकडे वेगवेगळे आले, एकाच बाळाचे ३६, ४१ आणि ५५. हसू झालं. तिसऱ्या बैठकीपर्यंत ते एक-दोनच्या फरकानं जुळायला लागले. सर्वांत अचूक कोण मोजतं? ज्या आजीनं डब्बा झाला म्हटलं होतं, तीच. आता ती सुनेला म्हणते, आधी मिनिट लाव, मग घाबर. गेल्या थंडीत तिनंच शेजारच्या सात महिन्यांच्या मुलाचे ५८ मोजले. आशाताईच्या पेटीत अमॉक्सिसिलिन होतं. पहिली मात्रा देऊन मूल प्राथमिक आरोग्य केंद्रात गेलं, आणि पाच दिवसांनी अंगणात रांगत होतं.

पण ती पेटीतली शेवटची बाटली होती. फेब्रुवारीत आम्ही विचारलं, मार्चमध्ये विचारलं. मग ग्रामसभेत विषय लावला, ठराव लिहून घेतला आणि त्याची पोच आरोग्य केंद्रातून सही-शिक्क्यानिशी आणली. ती पोच आम्ही २०१६ च्या त्याच कर्जवहीत, आडव्या रेघेच्या पानावर लावून ठेवली आहे. पुढच्या सोमवारी परत जाणार आहोत. तुमच्या गावच्या आशाताईच्या पेटीत बाटली आहे का, ते या आठवड्यात बघून आम्हाला रेडिओवर कळवा.